टर्बोचा वॉरंटी क्लेम नाकारला तर काय करायचं

ट्रकचा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) गेला की सर्व्हिस ॲडव्हायझरचं वाक्य ठरलेलं असतं: "भाऊ, ऑइल कमी पडलंय, हे वॉरंटीत बसत नाही." त्यावर नाशिकला आडगावच्या ट्रक टर्मिनलवर मिळणारे सल्लेही ठरलेले. वर्कशॉपमध्ये जाऊन आवाज चढव, कुणाची तरी ओळख काढ, नाहीतर बाहेरून रिकंडिशन टर्बो बसवून मोकळा हो. तिन्ही सल्ले माणसाला बुडवणारे आहेत. आवाज चढवून क्लेम पास होत नाही, कारण तो पास करणारा माणूस त्या काउंटरवर बसलेलाच नसतो. डीलर फक्त फोटो आणि रिपोर्ट वर पाठवतो आणि निर्णय कंपनीचा असतो. ओळखीने फार तर लेबरमध्ये सूट मिळेल. आणि बाहेरच्या मेस्त्रीने एकदा टर्बोला पाना लावला की कंपनीला नकाराचं आयतं कारण मिळतं.

वॉरंटीचं पुस्तक, सर्व्हिसची सगळी बिलं आणि ऑइलचा ग्रेड लिहिलेली पावती तुमच्याजवळ आहे असं धरून पुढचं लिहितो. मुदत वर्षं आणि किलोमीटर यांपैकी जे आधी भरेल त्यावर ठरते, हेही तुम्हाला माहीत असेलच.

गाडी गेटच्या आत नेण्याआधी

गाडी सपाट जागी बंद करून थोडी थांबू द्या. डिपस्टिक पुसून परत घाला, बाहेर काढा आणि ऑइलची पातळी, मग मीटरवरचे किलोमीटर, मग नंबरप्लेट असा सलग एक व्हिडिओ काढा. मध्ये कट नको. "ऑइल कमी होतं" या वाक्याला याच्याइतकं सरळ उत्तर दुसरं नाही.

जॉब कार्ड

गाडी आत घेताना वर्कशॉप तक्रारीचा जो कागद भरतं त्यावर लक्षणं लिहून घ्या, निदान नाही. "कसाऱ्याच्या चढाला ओढत नाही, काळा धूर, शिट्टीसारखा आवाज" इतकंच. "टर्बो फेल, ऑइल लीक" असं ॲडव्हायझर स्वतःहून लिहायला लागला तर थांबवा. आलेल्या वेळची ऑइलची पातळी त्यात नोंदवायला लावा आणि सहीची प्रत घेऊनच बाहेर पडा.

टर्बो उघडताना तिथे उभं राहा

सगळा वाद इथे जिंकला किंवा हरला जातो, आणि नेमका याच वेळी गाडीमालक घरी असतो. "उद्या फोन करतो" असं सांगून आपल्याला पाठवतात आणि उद्या थेट निकाल ऐकवतात. एका वर्कशॉपने मला दाखवायला काढलेला टर्बो डिझेलने धुऊन टेबलावर मांडून ठेवला होता. शाफ्ट लखलखीत, हाउसिंग लखलखीत. कुठे काजळी होती, कुठे ऑइल सुकलं होतं, हे सांगणारं सगळं वाहून गेलेलं. पुढे त्या टर्बोवर तज्ज्ञाला दाखवण्यासारखं फारच थोडं उरलं. म्हणून गाडी लावतानाच ईमेल करा: टर्बो माझ्या समोर उतरवावा आणि उघडावा, त्याआधी धुऊ नये, वेळ लेखी कळवावी. ईमेल डीलरला आणि सोबत कंपनीच्या ग्राहक सेवेला. फोनवरचं बोलणं पुराव्यात मोजू नका.

त्या दिवशी आपला एक जाणता मेस्त्री सोबत न्या. हात लावायला नाही, बघायला. ऑइल काढतानाच नमुना घ्यायचा: गाडी कोमट असताना, चेंबरमधून (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतून) ऑइल पडायला लागल्यावर पहिली धार सोडून मधली धार दोन कोरड्या, स्वच्छ बाटल्यांत. दोन्हींवर तारीख, गाडी नंबर, दोन्ही बाजूंच्या सह्या, आणि एक बाटली तुमच्याकडे. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यताप्राप्त लॅबमध्ये त्या ऑइलचा दाटपणा, त्यात मिसळलेलं डिझेल आणि धातूंचं प्रमाण तपासून मिळतं. सिलिकॉन जास्त आलं तर बहुधा धूळ आत गेलेली असते, तांबं जास्त आलं तर बेअरिंग झिजल्याची शंका घ्यायची. जुना ऑइल फिल्टरही टाकू देऊ नका. तो कापून उघडला की घडीत अडकलेला कीस डोळ्यांनी दिसतो.

आता खुद्द टर्बो. शाफ्ट निळाजांभळा पडलाय आणि बेअरिंगचा धातू त्याला चिकटलाय, तर ऑइल पोचलं नाही हे खरं. पण का पोचलं नाही? चेंबरमध्ये ऑइल पूर्ण होतं आणि तरी टर्बो कोरडा चालला, तर ऑइल येणारा पाइप, त्याचं गॅस्केट आणि ऑइल पंप तपासल्याशिवाय दोष तुमच्या माथी मारता येत नाही. त्या पाइपाच्या तोंडाशी जास्तीचं सिलिकॉन सीलंट लोंबताना दिसलं तर लगेच जवळून फोटो काढा. ते कोणत्या सर्व्हिसला कोणी लावलं हे बिलांवरून निघतं. बेअरिंगवर गोल गोल चरे दिसले तर ऑइलमध्ये कचरा होता. हवा खेचणाऱ्या बाजूच्या पंख्याची पाती पुढून तुटली असतील तर एअर फिल्टरनंतरच्या नळीतून काहीतरी आत गेलं, आणि ती नळी शेवटची कोणी उघडली होती हा पुढचा प्रश्न. पाती तुटलेली नसून कडेने पातळ झाली असतील तर धूळ. क्लॅम्प ढिला होता का ते बघा. एक्झॉस्टच्या बाजूचं चाक फुटलं असेल तर तुकडा बहुतेक इंजिनातून आलेला असतो, म्हणजे मूळ बिघाड इंजिनाचा, आणि इंजिन वॉरंटीत आहे. मग बोलणं टर्बोचं न ठेवता इंजिनाचं करायचं.

शाफ्ट हाताने हलवून "बघा किती प्ले आलाय", म्हणजे किती ढिला झालाय, असं दाखवतील. आडवा थोडा प्ले बुश बेअरिंगच्या टर्बोत मुळातच असतो, ऑइलचा थर तिथेच बसतो. शाफ्ट मागेपुढे किती सरकतो ते डायल गेज लावून मोजायला सांगा आणि आकडा लिहून घ्या.

एक मात्र स्पष्ट सांगतो. बेअरिंग हाउसिंगमध्ये ऑइल जळून दगडासारखं काळं झालं असेल आणि तुमचा ड्रायव्हर घाट चढून आला की धाब्यावर लगेच चावी फिरवून इंजिन बंद करत असेल, तर हा क्लेम लढू नका. मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेणाऱ्या, तापलेल्या शाफ्टचं ऑइल एका झटक्यात बंद होतं. दोन-तीन मिनिटं गाडी आयडलवर ठेवायला ड्रायव्हरला शिकवा, तो पैसा तिथे वाचेल.

पाहणी संपली की तिथेच कागदावर लिहा: काय दिसलं, कोण हजर होतं, टर्बोच्या प्लेटवरचा सिरियल नंबर. दोघांच्या सह्या. ते सही नाकारतील तर "सही करण्यास नकार" असं लिहून तोच कागद तिथूनच ईमेल करा. क्लेम पास झाला तर जुना टर्बो कंपनीचा. नाकारला आणि नव्याचे पैसे तुमच्याकडून घेतले, तर जुना तुमचा. गोणीत बांधून, सील करून, सीलवर सह्या घेऊन घरी न्या. "स्क्रॅपमध्ये गेला" हे उत्तर चालवून घेऊ नका.

नकार लेखी घ्या

"वॉरंटीत बसत नाही" हे कारण नव्हे. पुस्तकातल्या कोणत्या अटीत बसत नाही ते मागा. निम्मा खर्च "गुडविल" म्हणून कंपनी उचलेल असा प्रस्ताव येईल. आकडा परवडत असेल तर जरूर घ्या, पण "यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही" अशा ओळीखाली सही केलीत तर पुढचा रस्ता जवळजवळ बंद होतो.

गाडी सोडवणं

कांद्याचा किंवा द्राक्षांचा सीझन चालू असताना, हप्ता उभा असताना गाडी महिनोन्‌महिने आत ठेवणं कुणालाच परवडत नाही. पैसे भरा, गाडी काढा. पण बँकेतून भरा आणि बिलावर "हरकत राखून रक्कम भरली" असं हाताने लिहा, तेच ईमेलने कळवा. गाडी उभी राहिल्याने हातचे गेलेले फेरे दाखवायला आधीच्या महिन्यांच्या बिल्ट्या (मालाच्या पावत्या) आणि भाड्याची बिलं जपा.

तक्रार

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. काही क्लेम तिथेच सुटतात. नाही सुटला तर डीलर आणि कंपनी दोघांना पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टने. मग ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तुम्ही नाशिकला राहता म्हणून तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगात करता येते. गाडीसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर राज्य आयोग. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. वकील लावलाच पाहिजे असं नाही, पण ट्रकच्या बाबतीत एक अडसर असतो आणि त्यासाठी निदान तक्रार तरी जाणत्याकडून लिहून घ्या.

अडसर असा की व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूचा मालक कायद्याच्या व्याख्येत "ग्राहक" ठरत नाही. समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढतो. मात्र स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळली आहे. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वतः ट्रक चालवणाऱ्या मालकाचं उदाहरण देऊन त्याला ग्राहक म्हटलंय, आणि मदतीला एक-दोन माणसं ठेवली तरी तो ग्राहकच राहतो असंही सांगितलंय. पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती चालणारी गाडी मात्र त्यात बसत नाही. तेव्हा गाडी तुम्ही चालवत असाल तर तक्रारीच्या सुरुवातीलाच तसं लिहा, लायसन्सची प्रत जोडा, घर यावरच चालतं ते सांगा. ताफा असेल तर आयोगाच्या नादी न लागता दिवाणी दाव्यासाठी वकील गाठा.

मागणीत टर्बोचे पैसे, व्याज आणि बुडालेलं भाडं वेगवेगळं लिहा. सोबत त्याच २०१९ च्या कायद्याच्या कलम ३८ खाली टर्बो प्रयोगशाळेत तपासायला पाठवावा असा अर्जही द्या. तोपर्यंत त्या गोणीचं सील कुणाच्याही सांगण्यावरून तोडू नका, स्वतःच्या मेस्त्रीच्याही नाही.