ईएमटी व्हायचंय? गाडीच्या मागच्या भागात काय चालतं ते आधी ऐका

बारावी सायन्स झालेलं, नीटचा विषय संपलेला, नर्सिंग नको आणि लॅबमध्ये दिवसभर बसवणार नाही, अशी मुलंमुली मला हल्ली विचारतात, "ताई, ईएमटी करू का?" ईएमटी म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, रुग्णवाहिकेत रुग्णाजवळ बसून तातडीचे उपचार करणारा. विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा सायरन वाजत असतो. मी उलट विचारते, "दुसऱ्याची ओकारी पुसता येईल का? आणि रडणाऱ्या बाईकडून चार कामाच्या गोष्टी काढून घेता येतील का?" यावर जो गप्प होतो त्याला वेळ द्यावा. जो लगेच हो म्हणतो त्यालाही द्यावा.

मी सिंधुदुर्गातली. कोर्स झाल्यावर आधी कोल्हापुरात एका खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत राबले, मग गोव्यात रुग्णवाहिकेवर आले. दोन्हीकडे काम केल्यामुळे एक गोष्ट लवकर कळली, आणि ती कोर्समध्ये कुणी धड सांगत नाही. ईएमटीचं स्थान राज्याराज्यात वेगळं असतं. महाराष्ट्रात 2014च्या जानेवारीत 108 सुरू झाली तेव्हा 937 गाड्या होत्या. त्यातल्या 233 अ‍ॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट (गंभीर रुग्णांसाठी जास्त साधनं असलेल्या), उरलेल्या 704 बेसिक. तिथे गाडीत डॉक्टर असतो, बहुतेक वेळा बीएएमएस. गोव्यात 108 आली 2008 साली, आणि तिची रचना हैदराबादहून सुरू झालेल्या पद्धतीची आहे: मागे ईएमटी, पुढे चालक (त्याला सगळे पायलट म्हणतात), आणि डॉक्टर फोनवर. म्हणजे त्याच नंबरवर फोन केला तरी महाराष्ट्राच्या हद्दीत, बांद्याच्या अलीकडे, मागच्या दारातून डॉक्टर उतरतो आणि गोव्यात, पत्रादेवीच्या पलीकडे, ईएमटी. महाराष्ट्रात राहून ईएमटी करणार असाल तर 108 हेच एकमेव दार आहे असं धरून चालू नका. रुग्णालयांच्या कॅज्युअल्टी, खासगी रुग्णवाहिका, विमानतळ, एमआयडीसीतले मोठे कारखाने, मॅरेथॉन किंवा मोठ्या यात्रांचे वैद्यकीय तंबू, इथे जागा निघतात.

आता मुख्य मुद्दा. फोन घेणाऱ्याने घटना ऐकलेली असते, पाहिलेली नसते. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला रुग्ण दिसतो, पण तो कुठे आणि कसा पडला होता ते दिसत नाही. नातेवाईक घाबरलेले असतात, अर्धे मागून रिक्षाने येत असतात. जागेवरचं पाहून रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचणारा वैद्यकीय माणूस एकटा ईएमटी. माझ्या मते मानेला कॉलर लावणं, ऑक्सिजन लावणं याच्या बरोबरीचं काम हेच आहे: जे पाहिलं ते नीट घेऊन जाणं. कारण कॉलर कॅज्युअल्टीतही लावता येते, पण अपघातातल्या दुचाकीचं हँडल वाकलं होतं की नाही हे तिथे कुणालाच सांगता येत नाही.

पक्षाघाताचं उदाहरण घ्या. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. घरचे सांगतात, "आत्ताच झालं, सात वाजता उठले तर हात उचलेना." हे ऐकून फॉर्मवर सात वाजता लिहिलंत की डॉक्टरचा हिशेब चुकला. विचारायचं असतं ते वेगळंच: शेवटचं नीट बोलताना, नीट चालताना कुणी कधी पाहिलं? मग सून सांगते, रात्री अकराला पाणी मागितलं होतं तेव्हा ठीक होते. म्हणजे घड्याळ अकरापासून सुरू. कधी उलटंही होतं. पहाटे पाचला ते स्वतः उठून गोठ्यात जाऊन आलेले असतात आणि हे फक्त शेजाऱ्याला माहीत असतं. त्या शेजाऱ्याला शोधण्यात घालवलेलं एक मिनिट वाया जात नाही. आणि त्याच मिनिटात बोटातून थेंब काढून साखर बघायची. साखर खूप उतरली की तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं, सगळं पक्षाघातासारखं दिसू शकतं. बसस्टँडवर पडलेल्या माणसाबद्दल "पिऊन पडलाय" असं गर्दी ठरवून मोकळी होते. वास येत असेलही. तरी ग्लुकोमीटर लावायचाच.

छातीत दुखण्याच्या केसमध्ये कुठे न्यायचं हा प्रश्न मोठा. गोव्यात 2018पासून हृदयविकाराच्या झटक्यासाठी स्टेमी कार्यक्रम आहे. छोट्या सरकारी केंद्रात ईसीजी काढतात, तो दुसरीकडे बसलेला तज्ज्ञ बघतो, इंजेक्शन तिथेच मिळतं आणि पुढे बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) पाठवतात. त्यामुळे "थेट मोठ्या हॉस्पिटलात चला" हा नातेवाइकांचा हट्ट दर वेळी बरोबर नसतो. उलट, डोक्याला मार लागून एका डोळ्याची बाहुली मोठी झालेल्या माणसाला, न्यूरोसर्जन नाही अशा ठिकाणी थांबवण्यातही अर्थ नसतो, मग ते कितीही जवळ असो. अपवाद एकच: श्वासाचा मार्ग तुमच्या हातून सांभाळला जात नसेल तर सर्वांत जवळचं दार गाठायचं. हे गाडीत बसून एकट्याने ठरवायचं नसतं, फोनवरच्या डॉक्टरला विचारून ठरवायचं. पण त्याला तुम्ही जे सांगाल त्यावरच तो ठरवणार.

सिंधुदुर्गातून गोमेकॉला रेफर होणाऱ्या केसेस तुम्हाला बघायला मिळतील, कधी त्या गाडीत तुम्हीच असाल. या शिफ्टिंगला नवी मुलं कमी लेखतात, "नुसतं बसून जायचं" म्हणतात. सावंतवाडीहून बांबोळी साठेक किलोमीटर, म्हापसा आणि पर्वरीला वाहतूक अडली की वेळेचा भरवसा नाही. निघण्याआधी सिलेंडरचं गणित करा. भरलेल्या बी टाइप सिलेंडरमध्ये अंदाजे 1500 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला 10 लिटरने अडीच तास, 15 ने पावणेदोनही नाहीत. सिलेंडर अर्धा असेल तर निम्मे करा आणि मग ठरवा, एका सिलेंडरवर निघायचं का. काटा बघितला, एवढ्यावर समाधान मानू नका. किल्ली फिरवून फ्लोमीटरमधून हवा येते का ते ऐका. रेफर चिठ्ठी, दिलेल्या औषधांच्या वेळा, पुढच्या रुग्णालयात कुणाशी बोलणं झालंय त्याचं नाव, हे हातात आल्याशिवाय दार लावायचं नाही.

कोकणात आणि गोव्यात विंचू-सापाच्या केसेस येणारच. आमच्याकडे फुरसं, घोणस, मण्यार, नाग हे चारही आहेत. लोकांनी पाय सुतळीने करकचून बांधलेला असतो, कधी ब्लेडने कापलेलंही असतं. तुम्ही कापायचं नाही, चोखायचं नाही, अवयव हलू न देता आधार द्यायचा आणि लसीचा साठा असलेल्या ठिकाणी न्यायचं. घट्ट बांधलेली दोरी रागाने तिथेच सोडू नका. एकदम सोडली तर अडलेलं विष एकाच झटक्यात पसरू शकतं, म्हणून ती सलाइनची लाइन लागल्यावर, डॉक्टरसमोर सोडतात. साप मारून पिशवीत आणायला कुणाला पाठवू नका, दुसरा रुग्ण तयार होतो. विंचवाच्या बाबतीत महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव अभ्यासात येईल. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून त्यांनी जे काम केलं त्याने कोकणातली किती तरी मुलं वाचली. आपल्याच मातीतलं हे काम अमेरिकन पुस्तकात शोधत बसू नका.

हृदय बंद पडलेल्या माणसाची केस ही नव्या ईएमटीची खरी परीक्षा, आणि ती वैद्यकीय कमी, गर्दीची जास्त असते. तुम्ही जमिनीवर गुडघे टेकून छाती दाबायला घेता, मिनिटाला 100 ते 120, पाच-सहा सेंटीमीटर खोल, आणि मागून आवाज येतो, "ओ सिस्टर, हय काय करतास? आदी गाडी सोडा!" त्यांच्या दृष्टीने गाडी हलली म्हणजे उपचार सुरू झाले. पण वळणावळणाच्या रस्त्यावर, धावत्या गाडीत उभं राहून दाब नीट पडत नाही आणि पडला तर तुम्ही पडता. म्हणून जागा सुरक्षित असेल तर सुरुवातीची मिनिटं तिथेच द्यायची असतात. अशा वेळी वाद घालू नका. सगळ्यांत मोठ्याने ओरडणाऱ्याला काम द्या: "दादा, तुम्ही जिन्यातला दिवा लावा, आणि चार माणसं स्ट्रेचरला आणा." तो माणूस दोन मिनिटांत तुमच्या बाजूचा होतो. हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही, माझ्या पायलटने मला शिकवलं. पायलटशी पटवून घ्या. गाव, गल्ली, कुठल्या वाडीत गाडी वळते, सगळं त्याला ठाऊक असतं.

मृत्यू जाहीर करणं तुमचं काम नाही. ते डॉक्टरच करतो. घरच्यांनी थेट विचारलं तर "आम्ही प्रयत्न करतोय, डॉक्टर सांगतील" एवढंच. न यायचं म्हणणाऱ्या, शुद्धीत असलेल्या रुग्णाला ओढून नेता येत नाही. धोका समजावून सांगा, सही घ्या, साक्षीदाराची सही घ्या. आणि अपघातात मदत करणारा रस्त्यावरचा माणूस पोलिसांच्या भीतीने पळू लागला तर त्याला सांगा की मोटार वाहन कायद्यात 2019च्या दुरुस्तीने आलेलं 134अ कलम त्याला संरक्षण देतं. रुग्णालयाने "आधी पोलीस केस करा" म्हणून तातडीचे उपचार अडवू नयेत हे सर्वोच्च न्यायालयाने 1989मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलंय. भांडायला नको, पण माहीत असलेलं बरं.

हँडओव्हर मात्र घरी आरशासमोर पाठ करा. कॅज्युअल्टीत तुमच्याकडे अर्धं मिनिट लक्ष दिलं जातं. मी अशी देते: "पुरुष, अंदाजे पन्नास, दुचाकीला ट्रकची धडक, चाळीस मिनिटांपूर्वी, हेल्मेट नव्हतं. जागेवर बेशुद्ध, आता हाकेला डोळे उघडतो, जीसीएस 11. उजवी मांडी मोडलेली, स्प्लिंट लावलाय. नाडी 124, बीपी 90/60, ऑक्सिजनवर सॅच्युरेशन 96. एक लाइन चालू. अ‍ॅलर्जी माहीत नाही, नातेवाईक मागून येतायत." बस. (जीसीएस म्हणजे शुद्धीचे गुण, पंधरापैकी.) "पेशंट सीरियस आहे सर" हे वाक्य कुणाच्याच कामाचं नाही. आणि बोलून झालं तरी भरलेला पीसीआर फॉर्म (रुग्णाला काय झालं, काय दिलं याची नोंद) देऊन, घेणाऱ्याची सही घेऊनच निघायचं.

कोर्सबद्दल थोडक्यात. भिंतीवर चिकटवलेल्या जाहिरातीतल्या "नोकरीची हमी"कडे बघू नका. कॅज्युअल्टीत आणि गाडीवर प्रत्यक्ष किती पोस्टिंग आहे ते विचारा. नुसत्या पुतळ्यावर शिकलेल्याला खऱ्या छातीच्या फासळ्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला की हात थांबतात. संलग्नता कुणाची आहे ते कागदावर बघा. 2021च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट हा व्यवसाय नावानिशी आलाय, तेव्हा पुढे नोंदणीच्या वेळी पदवी-पदविकेचा कागद महत्त्वाचा ठरणार. आखातात किंवा युरोपात जायचं मनात असेल तर तिथली परवाना परीक्षा वेगळी. अमेरिकन हार्ट असोसिएशनची बीएलएस, एसीएलएस (जीव वाचवण्याच्या प्राथमिक आणि प्रगत प्रशिक्षणाची) कार्डं दोन वर्षं चालतात, ती संपू देऊ नका.

कामाला लागण्याआधी हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस पूर्ण करा. वापरलेली सुई टोचली तर त्याच दिवशी कळवा. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी बरी, फार तर 72 तासांत सुरू व्हावी लागतात. लाजेने दोन दिवस गप्प बसलेली मुलगी मी पाहिलीय. आणि स्ट्रेचर उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यातून बसा. जुन्या जिन्यांच्या घरांत, माडीवरून माणूस उतरवताना पहिल्याच वर्षी कंबर जाते.

पैशाचं खरं सांगते. नोकऱ्या बऱ्याचशा कंत्राटी, पाळी बारा तासांची, सणावाराला सुट्टी नाही, आणि गणपतीत तर हमखास ड्युटी. पगार सुरुवातीला तुमच्या डिप्लोमा केलेल्या मित्रापेक्षा कमी असू शकतो. वर जायच्या वाटा आहेत: अ‍ॅडव्हान्स्ड गाडी, कॉल सेंटरमधलं डिस्पॅच, प्रशिक्षक, मोठ्या रुग्णालयाचा इमर्जन्सी विभाग. त्यासाठी पुढचं शिक्षण चालू ठेवावं लागतं, रात्रपाळीनंतर जांभया देत का होईना.

मुलाखतीत तुम्हीही विचारा. फोनवर डॉक्टर रात्रीसुद्धा मिळतो का? सुई टोचली, अपघात झाला तर खर्च कुणाचा, विमा किती? गाडीतला सक्शन आणि मॉनिटर शेवटचा कधी तपासला? ही उत्तरं टाळणारी जागा मिळत असेल तर महिनाभर थांबा आणि दुसरीकडे अर्ज करा.