उन्हाळ्यात कुत्र्याला झिरो मशीन? या चुका टाळा

मार्च संपत आला की पुण्यात कुत्र्यांचे केस कापणाऱ्या माझ्याकडे एकच मागणी सुरू होते. "दादा, उन्हाने हैराण झालाय बिचारा, झिरो मशीन मारून टाका." शित्झू किंवा पूडल असेल तर मी केस आखूड करून देतो, कारण त्यांचे केस वाढतच राहतात. पामेरियन, जर्मन शेफर्ड, गोल्डन, लॅब्राडॉर, हस्की यांना मात्र मी नाही म्हणतो, गिऱ्हाईक रागावून गेलं तरी चालेल.

या जातींच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर राठ केस आणि खाली मऊ, दाट लोकर. त्यात अडकलेली हवा बाहेरची धग कातडीपर्यंत थेट पोचू देत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजाच्या गाद्यांना थोडा येतो, बाकी तो धापा टाकूनच थंड होतो. म्हणजे केस काढून गारवा मिळेल ही समजूतच चुकीची, वर उघडी पडलेली कातडी उन्हाने भाजते ती वेगळीच.

एका काकूंचा पांढराशुभ्र पामेरियन होता. एप्रिलमध्ये कुठल्यातरी दुकानात त्याचे केस मुळापासून उतरवले. "महिन्याभरात येतील," असं सांगितलं होतं. गणपती झाले, दिवाळी आली, तरी पाठीवर आणि मांड्यांवर टक्कल तसंच. लोकांनी खरूज म्हणून सांगितलं, मग त्यावर गंधक, कडुलिंबाचं तेल, कापूर असं सगळं चोपडून झालं. माझ्याकडे आणला तेव्हा कातडी लालभडक आणि हात लावू द्यायला तयार नाही. मी आधी डॉक्टरांकडे पाठवलं. कातडी खरवडून तपासली, थायरॉइड बघितलं, सगळं ठीक. मशीन मारल्यानंतर केस परत न येण्याचा हा प्रकार या जातीत ठाऊक असलेला आहे. काहींचे सहा महिन्यांत येतात, काहींना वर्षाच्या वर लागतं. तेलं बंद केली, बाकी फक्त वाट पाहिली. केस पुढच्या पावसाळ्यात आले. वर्षभर त्या जिवाने उगाच सोसलं, याचा मला आजही राग येतो.

उन्हाळ्यात खरा त्रास देते ती आत अडकलेली मेलेली लोकर. ती काढा. रेक नावाचा मोठ्या दातांचा फणा मिळतो तो घ्या, आणि एक स्टीलचा कंगवा. मी एका हाताने केस वर धरतो, खालून एकेक ओळ सोडत मुळापासून विंचरतो आणि शेवटी कंगवा फिरवतो. कंगवा अडला तर काम झालेलं नाही. नवे लोक वरवर ब्रश फिरवतात, केस फुललेले दिसले की खूश होतात, आणि कानामागे, काखेत, मांडीत जटा तशाच. मग त्यावरच आंघोळ! पाणी लागलं की जट आवळून नमद्यासारखी घट्ट होते आणि कातडी ओढली जाते. आधी विंचरणं, मग पाणी. वेळ नसेल तर त्या दिवशी आंघोळच घालू नका.

दुसरं दुखणं गोचिडांचं. रॉकेल, फिनाईल, टर्पेंटाइन कुत्र्याला कधीही लावू नका. कातडी जळते, आणि कुत्रा अंग चाटतो म्हणजे ते पोटातही जातं. दिसलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. नखाने चिरडायची नाही. पण अंगावर दिसतात तेवढ्याच गोचिडी नसतात. मादी रक्त पिऊन खाली पडते आणि भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे हजारो अंडी घालते. म्हणून औषध कुत्र्याला आणि सफाई घराला, दोन्ही एकाच वेळी. औषध डॉक्टरांनी वजन बघून दिलेलंच द्या. फिट येणाऱ्या कुत्र्यांना काही गोळ्या चालत नाहीत. घरात मांजर असेल तर परमेथ्रिनवालं औषध आणूच नका, मांजराचा जीव जाऊ शकतो. गोचिडी येऊन गेल्यावर कुत्रा मलूल झाला, ताप आला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. एर्लिकिया आणि बबेसिया हे गोचिडीतून होणारे दोन्ही आजार वेळेत धरले तर बहुतेक कुत्रे बरे होतात. "दोन दिवस बघू" म्हणणाऱ्यांचे कुत्रे मी गेलेले पाहिलेत.

आपला साबण, आपला शाम्पू, पाण्यात जंतुनाशकाचं झाकण: तिन्ही नकोत. आपली कातडी आम्लधर्मी, कुत्र्याची त्यापेक्षा बरीच उदासीन. आपल्या साबणाने ती कोरडी पडते, खाजते, आणि मग वास येतो म्हणून लोक अजून आंघोळ घालतात. लॅब्राडॉरला महिन्यातून एकदा पुरे.

पावसात फिरून आल्यावर बोटांमधली जागा कोरडी करा. मी जुनं सुती धोतर वापरतो.

कानात इअरबड घालू नका, मळ आत ढकलला जातो.

आपली टूथपेस्ट कधीच नाही. कुत्रा ती गिळतो, आणि तिच्यात झायलिटॉल (गोड चवीसाठी घालतात तो पदार्थ) असेल तर थेट विषबाधा.

नखं काळी असतील तर थोडी थोडीच कापा, आत रक्तवाहिनी असते. आणि पुढच्या पायाचं अंगठ्याचं नख आधी बघा. ते जमिनीला टेकत नाही, झिजत नाही, आणि केसाळ कुत्र्यात गोल वाढून मांसात शिरेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.