ओटीतल्या मामांना काय सोपवायचं आणि काय नाही

तालुक्याच्या गावी पंधरा खाटांचं हॉस्पिटल टाकलं की पहिली अडचण सर्जरीची नसते, दुसऱ्या हातांची असते. कॉलेजात टेबलाच्या पलीकडे रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, उभा असायचा. इथे मामा असतात, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधले (ओटीतले) मदतनीस. शिक्षण दहावीपर्यंत, उमेदीची सगळी वर्षं आधीच्या डॉक्टरांच्या ओटीत गेलेली, आणि सिझेरियन तुमच्यापेक्षा जास्त पाहिलेली. त्यांच्याशिवाय लिस्ट पुढे सरकत नाही. नवे सर्जन मला हमखास विचारतात, मामांना कितपत करू द्यायचं? माझ्या ओटीत जे चालतं ते सांगतो. (बीएएमएस आरएमओचा, म्हणजे आयुर्वेद पदवीच्या निवासी डॉक्टरचा, विषय वेगळा आहे. त्यांची नोंदणी असते. इथे बोलतोय ते कुठलीच नोंदणी नसलेल्यांबद्दल.)

आधी नियम वाचा, कारण बहुतेकांनी ते वाचलेलेच नसतात. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाचे २०२३ चे नवे विनियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे आपल्याला २००२ चेच बघायचे आहेत. त्यातलं कलम १.६ म्हणतं की जिथे व्यावसायिक निर्णय किंवा कौशल्य लागतं, तिथे नोंदणी नसलेल्या माणसाला रुग्णावर उपचार किंवा ऑपरेशन करू देऊ नये. ७.१० खालची टीप थोडी मोकळीक देते: डॉक्टरच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली ओटी मदतनिसांना शिकवायला हरकत नाही. आणि ७.१८ सांगतं की नर्सिंग होममध्ये मदतनीस ठेवले तरी शेवटची जबाबदारी डॉक्टरचीच. हे तिन्ही शेजारी ठेवून वाचले की वाट दिसते.

एखादं काम सोपवताना मी स्वतःला एकच विचारतो: करता करता मध्येच काही वेगळं दिसलं, तर पुढे काय करायचं हे मामांना ठरवावं लागेल का? लागणार असेल तर ते काम माझं.

या हिशोबाने रिट्रॅक्टर (जखमेच्या कडा बाजूला ओढून ठेवायचं हत्यार) धरणं, मी सांगेन तिथे सक्शन लावणं, मी दाखवेन तिथे धागा कापणं, पोझिशन देणं, दिवा फिरवणं, ट्रॉली लावणं हे मामांचं. डीप रिट्रॅक्टर मात्र मी लावून देतो. तो त्यांनी तसाच धरायचा, हलवायचा नाही, आणि हात दुखायला लागला तर बोलायचं. चीर देणं, डिसेक्शन, क्लॅम्प, गाठ, ट्रोकार (दुर्बिणीसाठी पोटात घालायची टोकदार नळी), ड्रेन, भूल किंवा लोकल देणं यातलं काहीही त्यांचं नाही. कॅथेटरही नाही. पुरुषाच्या मूत्रमार्गात अडलेला कॅथेटर जोर लावून ढकलला की खोटा मार्ग तयार होतो, आणि तो माणूस पुढे कित्येक वर्षं स्ट्रिक्चर, म्हणजे आकसलेला मूत्रमार्ग, घेऊन दारोदार फिरतो.

खरा वाद असतो तो कातडीच्या टाक्यांवर. शीथ (पोटाच्या स्नायूंवरचं आवरण) बंद झाली, बाहेर ओपीडीत चाळीस पेशंट ताटकळलेत, नातेवाईक दारात उभे आहेत. सर्जन ग्लोव्हज काढतो आणि म्हणतो, "मामा, स्किन घ्या." मामांचे टाके माझ्यापेक्षा सरळ पडतात, हे मला मान्य आहे. पण त्या दहा मिनिटांत चरबीच्या थरातून रक्त झिरपायला लागलं तर ते थांबवायचं, टाका खोल घ्यायचा की आत परत बघायचं, हे कोण ठरवणार? आणि प्रत्यक्ष देखरेख म्हणजे सर्जन ओटीत हवा. शेजारच्या खोलीत चहा घेत किंवा फोनवर केलेली देखरेख धरली जात नाही. म्हणून माझ्याकडे स्किन मीच घेतो आणि पेशंट टेबलावरून उतरेपर्यंत ओटी सोडत नाही. ओपीडी थांबते. लोक कुरकुर करतात, करू देत.

डायथर्मीचं, म्हणजे विजेने रक्तवाहिन्या जाळून बंद करायच्या यंत्राचं, पेडल कायम माझ्या पायाखाली. प्लेट मामा लावतात: मांडीवर, मांसल आणि कोरड्या जागी, हाडात रॉड किंवा धातूची पट्टी बसवलेल्या भागापासून लांब. पण चादर टाकण्याआधी मी वाकून बघतो. पोझिशन बदलली की पुन्हा बघतो. स्पिरिट पाठीखाली साचलेलं नाही ना, हेही त्याच वेळी.

मॉप (रक्त टिपायचे कापडी घड्या) मोजायला दोघं लागतात, त्यातली एक नोंदणीकृत सिस्टर. मोठ्याने मोजायचं आणि आकडा फळ्यावर लिहायचा: सुरू करण्याआधी, पोट बंद करण्याआधी आणि स्किनच्या आधी. पोटातल्या प्रत्येक मॉपची शेपटी बाहेर आर्टरी फोर्सेपला (चिमट्याला) लावलेली. आकडा जुळत नसेल तर पोट बंद करायचं नाही. शोधायचं, नाही सापडला तर एक्स-रे, आणि त्यासाठीच मॉप एक्स-रेत दिसणाऱ्या धाग्याचेच घ्यायचे, दोन रुपये वाचवायला साधे नकोत. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनमध्ये पोटात मॉप राहिला आणि ती बाई दगावली. सुप्रीम कोर्टाचा निकाल १९९६ मध्ये लागला, सरकारला जबाबदार धरून.

औषधं भरण्याबद्दल मी हट्टी आहे. स्पायनलच्या (पाठीतून द्यायच्या भुलीच्या) बुपिवाकेनचा आणि रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचा अँप्यूल काही कंपन्यांचे इतके सारखे दिसतात की रात्री दोन वाजता कुणीही फसेल. ट्रॅनेक्सॅमिक पाठीत गेलं की झटके येतात आणि पेशंट जाऊ शकतो. माझ्याकडे ते स्पायनलच्या ट्रेजवळ ठेवतच नाहीत, वेगळ्या कपाटात असतं. मामांनी अँप्यूल आणून द्यायचा. लेबल वाचून भरायचं भूलतज्ज्ञाने.

डोक्यावर केस लावण्याचा (हेअर ट्रान्सप्लांटचा) जोडधंदा सुरू करणाऱ्यांसाठी एवढंच: नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये स्पष्ट म्हटलंय की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघणं हे प्रशिक्षण नव्हे. टेक्निशियनच्या भरवशावर ते दुकान उघडू नका.

आता कागद. मामांना दिलेल्या कामांची यादी मराठीत लिहून त्यांना वाचून दाखवा आणि दोघांनी सही करा. यादीत नसलेलं काम सांगितलं तर "नाही" म्हणायची मुभाही त्यातच लिहा, नाहीतर डॉक्टरांना नकार द्यायला ते धजावणार नाहीत. छातीवर "ओटी मदतनीस" अशी पट्टी हवी, कारण हिरवे कपडे घातलेल्या प्रत्येकाला पेशंट डॉक्टर म्हणतो. ऑपरेशन नोटमध्ये जो खरोखर उभा होता त्याचंच नाव लिहा. हजर नसलेल्या मित्राचं नाव असिस्टंट म्हणून टाकायची पद्धत सर्रास आहे, आणि ग्राहक आयोगात पहिला प्रश्न त्यावरच येतो. मामा सोडून जाताना दाखला मागतील. केलेल्या कामाचा अनुभव लिहा, "सर्जरीत निष्णात" वगैरे नको. अपात्र माणसाला असं निष्णातपणाचं प्रमाणपत्र द्यायचं नाही, ७.१० त्यासाठीच आहे. सिस्टरच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची झेरॉक्स फाईलला लावा आणि नूतनीकरणाची तारीख बघा. विम्याच्या पॉलिसीत अपात्र कर्मचाऱ्याच्या कामाबद्दल काय लिहिलंय, तेही एकदा चष्मा लावून वाचा.

मामांना हेपटायटिस बीची लस द्या, शून्य, एक आणि सहा महिने अशी, खर्च तुमचा. सुई त्यांनाही टोचते.

दुसरा सर्जन लागेलच अशी केस असेल, म्हणजे मोठा थायरॉइड किंवा आतडं कापायचं असेल, तर गावातल्या नाहीतर शेजारच्या तालुक्यातल्या सर्जनशी आधीच ठरवून ठेवा: तुमच्या केसला तो, त्याच्या केसला तुम्ही. असिस्टची फी बिलात वेगळी दाखवा, नातेवाईकांना ॲडमिशनच्या वेळीच सांगा. त्या दिवशी तो मोकळा नसेल आणि केस थांबण्यासारखी असेल, तर तारीख बदला. थांबण्यासारखी नसेल तर ॲम्ब्युलन्स बोलवा आणि जिल्ह्याच्या गावी फोन करून बेड पक्का करा.