पिनोलिलो: निकाराग्वाचं मका-कोकोचं पेय घरी कसं करावं

निकाराग्वातले लोक कौतुकाने स्वतःला ‘पिनोलेरो’ म्हणवतात. भाजलेल्या मक्याचं पीठ पाण्यात कालवलं की पिनोल, त्यात कोको पडला की पिनोलिलो. 16व्या शतकात तिथे राहिलेल्या ओविएदो या स्पॅनिश इतिहासकाराने लिहून ठेवलंय, की कोकोच्या 10 बियांना एक ससा मिळे. बियाच चलन असल्यामुळे कोको पिणं मोठ्या लोकांनाच परवडायचं. आज मात्र पिनोलिलो हे घरोघरचं पेय आहे.

अर्धा किलो वाळलेला मका, 100 ग्रॅम कोकोच्या आंबवून वाळवलेल्या बिया, बोटभर दालचिनी आणि 5-6 लवंगा घ्या. मका दळणाचा हवा, स्वीट कॉर्न मुळीच नको. बियांऐवजी कोको पावडर घातली तर आकाश कोसळत नाही, पण तिच्यातली बरीचशी चरबी काढून घेतलेली असते आणि पिनोलिलोची खरी मजा त्या चरबीतच आहे.

मका जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, सतत हलवत भाजा. दाणे तडतडतील, बदामी होतील. एक दाणा चावून पाहा, आतपर्यंत कुरकुरीत लागला पाहिजे. हे पीठ सातूसारखं थेट कालवून प्यायचं आहे, पुन्हा शिजवायचं नाही. त्यामुळे भाजताना घाई केली तर घोटाघोटाला कच्चट चव येते.

बिया वेगळ्या भाजा. साल तडकून वास सुटला की उतरवा, गार झाल्यावर हातांनी चोळा आणि सुपात पाखडा.

आता दळण. बियांत जवळजवळ निम्मी चरबी असते. नुसत्या मिक्सरमध्ये फिरवल्या तर पात्याला चिकटून त्यांचा गोळा होतो. म्हणून आधी मका एकटाच रवाळ काढा. मग त्यातच बिया, दालचिनी आणि लवंगा घालून थांबत थांबत फिरवा, सुटलेली चरबी मका शोषून घेतो. मैद्यासारखं बारीक करू नका, चाळू तर नकाच. दाताखाली थोडी कणी यायलाच हवी.

पेलाभर गार पाण्यात किंवा दुधात तीन मोठे चमचे पीठ घालून रवीने घुसळा. साखर आपल्या आवडीने. बिनसाखरेचं मला जास्त आवडतं, कडवटपणा नीट कळतो. पीठ तळाशी बसतंच. तिकडे पिनोलिलो हीकारात पितात, म्हणजे एका झाडाच्या टणक फळाच्या करवंटीचा कोरीव पेला. त्याचं बूड गोल असतं. तो हातातच धरायचा आणि दर घोटाआधी गरकन फिरवायचा, म्हणजे बसलेलं पीठ वर येतं. आपल्याकडे पेल्यात चमचा ठेवून भागतं.

उरलेलं पीठ पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, पावसाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा. कालवलेलं मात्र लगेच संपवा, ते आंबतं.