प्रोटिस्टा ओळखताना या चुका टाळा

पावसाळा लागला की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या शिकवणीत प्रोटिस्टा (बहुतेक एकपेशीय सूक्ष्मजीव) बघायला कुणी ना कुणी सूरसागर तळ्याचं पाणी बाटलीत भरून आणतं आणि तोंड पाडून म्हणतं, "काका, यात काहीच नाही." बूच काढलं की कुजका भपकारा येतो. होतं की! रात्रभर कोंडून मेलं. बाटली अर्धीच भरा, तोंडाला मलमलीचा तुकडा बांधा, उन्हात ठेवू नका. नुसतं वरचं पाणी नको. थोडा गाळ, दोन कुजकी पानंही घ्या. खाणं तिथे असतं, म्हणून खाणारेही तिथेच.

हे जीव वाढवायला घरी पेंढा भिजवणाऱ्यांची चूक वेगळी. नळाचं क्लोरीनवालं पाणी थेट ओततात. ते आधी दिवसभर उघडं ठेवा, मग त्यात तळ्याचं चमचाभर पाणी घाला. सुरुवातीला पाणी गढूळ होतं ते बॅक्टेरियामुळे. त्यांच्यावर जगणारे पॅरामिशियम (चपळ एकपेशीय जीव) साधारण आठवड्याने दिसू लागतात. दुसऱ्याच दिवशी बाटली मोरीत ओतलीत, तर काय दिसणार?

स्लाइडवर थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकाचं ४० पट मोठं दाखवणारं भिंग एकदम लावू नका. पॅरामिशियम जेमतेम पाव मिलिमीटरचा, १०च्या भिंगाखाली छान दिसतो. पळतो फार, म्हणून कापसाचे दोन-चार तंतू पिंजून थेंबात टाका, त्यांत अडखळतो. काळ्याभोर कडेचा गोल दिसला तर तो हवेचा बुडबुडा, अमीबा नव्हे. अमीबा जवळजवळ पारदर्शक असतो. उजेड कमी केल्याशिवाय तो दिसतच नाही, आणि दिसला तरी त्याला ठरलेला आकार नसतो: पेशीद्रव्य एका बाजूला वाहत जातं, तोच त्याचा पाय.

आता माझी फजिती. एका मुलीला डोक्यावर दोन चक्रं फिरवणारा जीव दिसला. पक्ष्माभिका (केसांसारखे हलणारे तंतू) दिसताहेत म्हणून मीही "रोमक आदिजीव", म्हणजे पॅरामिशियमच्याच गटातला, म्हणून मोकळा झालो. मग त्याच्या पोटात काहीतरी चावल्यासारखं हललं. जबडे! तो रोटिफर होता. आकाराने पॅरामिशियमच्या जवळपास, पण अंगात सुमारे हजार पेशी. म्हणजे चक्क प्राणी. वहीतली ओळ दोघांनी मिळून खोडली.

"एकपेशीय म्हणजे प्रोटिस्टा" हे पाठ करू नका. बॅक्टेरियाही एकपेशीयच, प्रोटिस्टांच्या पेशीत पटलाने वेढलेलं केंद्रक असतं, हा खरा फरक. त्यामुळे नावात शेवाळ असलं तरी असं केंद्रक नसलेलं नील-हरित शेवाळ इथे बसत नाही. जीवशास्त्रज्ञ हेकेलने १८६६मध्ये 'प्रोटिस्टा' सृष्टी (सजीवांचा सर्वांत मोठा गट) मांडली, व्हिटाकर या शास्त्रज्ञाने १९६९च्या पाच सृष्टींत तिला जागा दिली, पण खरं सांगायचं तर ती अडगळीची खोली आहे. वनस्पती, प्राणी, कवक यांत न बसणारं तिथे ढकललेलं.

अकरावीच्या पुस्तकात पाच गट आहेत. सिलिकाच्या डबीत राहणारे डायटम हे क्रायसोफाइट. मग डायनोफ्लॅजेलेट, युग्लिनॉइड, श्लेष्मबुरशी (नावात बुरशी, पण कवक नाही) आणि आदिजीव. आदिजीवांत अमीबासारखे, कशाभिकावाले (चाबकासारख्या शेपटीचे), पक्ष्माभिकावाले आणि बीजाणूवाले असे चार पोटगट. शेवटच्यात मलेरिया करणारा प्लास्मोडियम येतो, म्हणून उत्तरपत्रिकेत "मलेरियाचा विषाणू" लिहू नका.

सर्वांत जास्त घोळ युग्लिनाचा, म्हणजे युग्लिनॉइड गटातल्या हिरव्या जीवाचा. बडोद्यात हिरवं, निसरडं दिसलं की सगळे गुजरातीतला "लील" (शेवाळ) शब्द वापरून मोकळे होतात. युग्लिना उजेडात स्वतःचं अन्न बनवतो, अंधारात ठेवला तर पाण्यातलं आयतं खातो. बाटली खिडकीपाशी ठेवून बघा, उजेडाकडच्या काचेला हिरवा पट्टा जमतो. पण क्लॅमिडोमोनास हे एकपेशीय हिरवं शेवाळही तेच करतं. तेव्हा थेंब स्लाइडवर घ्या. अंग आखडून, फुगून, पुन्हा लांब होत असेल तर युग्लिना; त्याला पेशीभित्तिका नसते. क्लॅमिडोमोनासला असते, त्यामुळे तो कितीही पळाला तरी तसाच गोलमटोल राहतो.