एनडीपीएसच्या प्रशिक्षणाला निघण्याआधी

एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायद्याखालच्या तपासाच्या प्रशिक्षणाचं पत्र जिल्ह्याहून ठाण्यात आलं की पहिला प्रश्न पडतो, पाठवायचं कोणाला. बहुतेकदा त्या आठवड्यात ज्याला बंदोबस्त नाही, त्याचंच नाव जातं. सगळ्या ठाणेदारांना माझी पहिली विनंती हीच की असं करू नका. एका अधिकाऱ्याबरोबर पंचनामा प्रत्यक्ष लिहिणारा रायटर हवालदार पाठवा, आणि जमत असेल तर मुद्देमाल सांभाळणारा मोहररही. गांजाचा गुन्हा विशेष न्यायालयात टिकतो तो या दोघांच्या हातामुळे. नाव न बघता पाठवलेला माणूस प्रमाणपत्र घेऊन परत येतो आणि पुढचा छापा पुन्हा जुन्याच नमुन्यावर लिहिला जातो.

ज्यांचं नाव गेलं आहे त्यांनी निघण्याआधी आपल्याच ठाण्याच्या एखाद्या निर्दोष सुटलेल्या एनडीपीएस खटल्याच्या निकालाची प्रत काढावी. ठाण्यात नसेल तर सरकारी वकिलांकडे मिळेल. ती एका बैठकीत वाचून काढा आणि आरोपी सुटला तो नेमका मुद्दा समासात लिहा. खबर लिहून घेतली नव्हती का, झडतीआधी हक्क सांगितला नव्हता का, वजनात घोळ झाला का, की पंच फितूर झाले. ही प्रत सोबत न्या. वर्गात शिकवणारा कलमं सांगेल, पण आपल्या हद्दीत, आपल्या माणसांच्या हातून ती कुठे निसटतात हे त्या निकालातच लिहिलेलं असतं. प्रश्न त्यातूनच विचारा.

वाचन फार नको. 1985 च्या एनडीपीएस कायद्यातली 42, 43, 50, 52अ, 55 आणि 57 ही कलमं मूळ शब्दांत वाचून जा. सोबत आपल्या हुद्द्याला झडती-जप्तीचे अधिकार देणारी राज्य शासनाची अधिसूचना शोधून ठेवा, कारण कोर्टात पहिला हल्ला तिथेच होतो. प्रमाणांचा तक्ता पाठ हवा. गांजा 1 किलोपर्यंत लहान प्रमाण, 20 किलोच्या वर व्यापारी प्रमाण. मेफेड्रोन, म्हणजे आपण ज्याला एमडी म्हणतो, त्याचं 2 ग्रॅम आणि 50 ग्रॅम. हेरॉईनचं 5 ग्रॅम आणि 250 ग्रॅम. गांजा 20 किलोच्या वर गेला की शिक्षा किमान 10 वर्षं आणि जामिनाला कलम 37 आडवं येतं. त्याच्या खाली 10 वर्षांपर्यंत, आणि लहान प्रमाणाला 1 वर्षापर्यंत. म्हणून साडेएकोणीस आणि साडेवीस किलोमधला फरक एखाद्या माणसाच्या आयुष्याची दहा वर्षं ठरवतो, आणि ओलं पोतं, सुतळी, चिकटपट्टी हे सगळं बारदान वजा केलं का, हा प्रश्न फालतू राहत नाही. पंचनाम्यात बारदानासह वजन आणि निव्वळ वजन वेगवेगळं लिहायची सवय प्रशिक्षणाला जायच्या आधीच लावून घ्या.

कलम 42, म्हणजे खबरीची नोंद आणि वॉरंटशिवाय झडती, याबद्दल जरा सविस्तर. खबऱ्याचा फोन आला की आपण बूट घालतो आणि निघतो. ही धडपड मला समजते, माल हलायच्या आत पोचायचं असतं. तरी निघण्याआधी ती खबर कागदावर उतरली पाहिजे आणि 72 तासांच्या आत तिची प्रत वरिष्ठांकडे गेली पाहिजे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात वॉरंटशिवाय घरात शिरायचं असेल तर वॉरंट आणेपर्यंत माल किंवा माणूस का निसटेल, याची कारणं लिहावी लागतात. 2009 च्या कर्नैल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने उशीर समजून घेतला, पण मुळीच पालन न करणं खपवून घेतलं नाही. उशीर झाला तर उशीर का झाला ते लिहा. आपल्याकडे रस्त्यावरची नाकाबंदी हा मोठा भाग. ओडिशा-आंध्रच्या डोंगराळ पट्ट्यातला माल छत्तीसगडमार्गे गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडून आत येतो आणि नागपूरकडे सरकतो. रस्ता सार्वजनिक आहे म्हणून सार्वजनिक जागेतल्या झडतीचं कलम 43 लागेल असं धरून आपण मोकळे होतो. पण 2021 च्या बूटा सिंग निकालात खासगी गाडी ही सार्वजनिक वाहन नाही, तिला 42 लागेल असं सांगितलं आहे. एसटी बस आणि खासगी जीप यांत कागद कसा बदलतो, हे प्रशिक्षणात प्रत्यक्ष लिहून घ्या.

झडतीआधी आरोपीला त्याचा हक्क सांगणारी कलम 50 ची नोटीस बरोबर नेऊन तपासून घ्याच. अनेक ठाण्यांत एकच छापील नमुना वर्षानुवर्षं झेरॉक्स होत आला आहे आणि त्यात 'राजपत्रित अधिकारी, दंडाधिकारी किंवा आमच्यासमोर झडती' असे तीन पर्याय असतात. तिसरा पर्याय कायद्यात नाहीच. 2014 च्या परमानंद निकालात हे स्पष्ट झालं. दोन आरोपींना मिळून एक नोटीस दिली आणि एकानेच दोघांच्या वतीने सही केली, तेही तिथे चाललं नाही. प्रत्येकाला वेगळी नोटीस, वेगळी सही. हे कलम अंगझडतीला आहे, पिशवी किंवा गाडीच्या झडतीला नाही, पण अंगझडतीही घेणार असाल तर नोटीस चुकवू नका. बाईची झडती बाईनेच घ्यायची, म्हणून महिला अंमलदार पथकात सुरुवातीपासून हवी. नंतर दुसऱ्या ठाण्यातून बोलावण्यात रात्र जाते. राहिला भाषेचा प्रश्न, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. मराठीत छापलेली नोटीस ओडिया बोलणाऱ्या ट्रकच्या क्लीनरसमोर किंवा माडिया बोलणाऱ्या भामरागडच्या पोरासमोर धरून 'समजलं' असं लिहून घेणं हे ना कायद्याला धरून आहे ना माणुसकीला. हिंदी, तेलुगू आणि गोंडी-माडिया बोलणारे आपले कोण अंमलदार, शिक्षक, आरोग्य सेवक आहेत, त्यांची नावं आणि फोन नंबर आधीच एका कागदावर लिहून ठेवा. तोंडी समजावलं असेल तर कोणत्या भाषेत आणि कोणी, हे नोटिशीतच नमूद करा.

आता वावरातली झाडं. खरीप उभा असताना पऱ्हाटीत आणि तुरीत गांजा लावल्याची खबर येते. तूर डोक्याच्या वर गेलेली असते, धुऱ्यावरून काही दिसत नाही. आधी आपल्याच माणसांना झाड ओळखता आलं पाहिजे. तुरीच्या कडेने अंबाडी असते आणि तिचं पान लांबून गांजासारखंच हाताच्या पंजासारखं दिसतं. जवळ जाऊन बघा. अंबाडीचं पान एकच असून खोल कापलेलं असतं, गांजाच्या पानात पाकळ्या देठापर्यंत सुट्या आणि कडेला करवतीसारखे दाते. अंबाडीच्या खोडाला बारीक काटे लागतात, फूल फिकट पिवळं आणि मध्ये गडद जांभळा ठिपका. गांजाचा शेंडा चिकट, वास उग्र. शंका असेल तर कृषी सहायकाला सोबत घ्या; तो पंच म्हणूनही उभा राहतो आणि गावातल्या पंचासारखा सहजासहजी फितूर होत नाही.

कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळ धरलेले शेंडे. शेंड्यांशिवायची सुटी पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. आपण मात्र झाडं मुळासकट उपटतो, माती झटकतो आणि सगळं एकत्र काट्यावर ठेवतो. मग बचावाचा वकील विचारतो, यात गांजा किती आणि खोड किती? उत्तर नसतं. म्हणून झाडं उपटण्याआधी जागेवर मोजा, ओळीने उभी आहेत की आपोआप उगवलेली, आळं केलंय का, पाणी दिलंय का, हे लिहा, फोटो घ्या. फुलोरा आलेली किती आणि न आलेली किती ते वेगळं ठेवा. शेंड्यांचं वजन वेगळं घ्या. लागवडीचा गुन्हा वजनावर अवलंबून नाही, त्याला 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहेच, तेव्हा वजन फुगवायची गरजही नाही. लागवड कोणी केली हे मात्र सिद्ध करावं लागतं. सातबाऱ्यावर नाव बापाचं, वाहतो धाकटा भाऊ, आणि यंदा वावर ठेक्याने दिलेलं, हे आपल्याकडे रोजचं. सातबारा, पीक पाहणी, गाव नकाशा तलाठ्याकडून घ्या, शेजारच्या धुऱ्यावरच्या शेतकऱ्यांचे जबाब घ्या, ठेक्याचा तोंडी व्यवहार कोणासमोर झाला ते विचारा. नावावर जमीन आहे एवढ्यावर म्हाताऱ्या बापाला उचलून आणणं टाळा.

छाप्याची पिशवी प्रशिक्षणाला जातानाच भरून न्या आणि शिकवणाऱ्यांसमोर उघडा. वजनकाटा दोन हवेत, पोत्यांसाठी मोठा आणि पुड्यांसाठी ग्रॅमवाला. दोन्हींवर वैधमापनची चालू वर्षाची पडताळणी हवी, बॅटरीचे सेल जादा हवेत. किराणा दुकानदाराचा काटा आणायची वेळ आली तर तो दुकानदार साक्षीदार होतो, त्याचा जबाब घ्या. लाख, मेणबत्ती, आगपेटी, पितळी मोहर, कोरी लेबलं, जाड कापड, दोरा, मोठे कागदी लिफाफे, प्लास्टिकच्या पिशव्या, हातमोजे, टेप, टॉर्च, छत्री. पावसात लाख धरत नाही, ठसा पुसट येतो. मग प्रयोगशाळा सील जुळत नाही म्हणून माल परत पाठवते आणि पुन्हा नागपूर गाठावं लागतं. ठसा उमटला की नाही ते जागेवरच टॉर्चने पाहा आणि त्याचा नमुना पंचनाम्याला जोडा. ओली झाडं बंद प्लास्टिकमध्ये सडतात, हे ज्याने मुद्देमाल खोली उघडली आहे त्याला सांगायला नको.

नमुने काढण्याची पद्धत बदलली आहे, आणि इथे जुने लोक सर्वाधिक चुकतात. 2016 च्या मोहनलाल निकालानंतर आणि 23 डिसेंबर 2022 पासून लागू झालेल्या जप्ती, साठवण, नमुने व विल्हेवाट नियमांनंतर नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढायचे असतात. जागेवर पुडी काढून सीएला, म्हणजे रासायनिक विश्लेषकाला, पाठवायची जुनी रीत आता सोडा. गांजाचा प्रत्येक नमुना किमान 24 ग्रॅम, एमडीसारख्या पदार्थांचा किमान 5 ग्रॅम, आणि प्रत्येकी दोन प्रती. यादी, फोटो आणि नमुने दंडाधिकाऱ्यांकडून प्रमाणित झाले की तेच कलम 52अ खाली मुख्य पुरावा ठरतात. त्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे करायच्या अर्जाचा कोरा नमुना तयार ठेवा. मोहररने रजिस्टरमध्ये माल कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणाच्या हातून बाहेर गेला आणि परत आला ते लिहिलं पाहिजे. एक नोंद राहिली की साखळी तुटली. कलम 57 चा अहवाल अटक-जप्तीपासून 48 तासांत. व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषारोपपत्राला 180 दिवस मिळतात, त्याहून कमी मालाला ही मुभा नाही, म्हणून तारीख फाइलच्या कव्हरवरच लिहा.

मोबाईलचं थोडक्यात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण आता बंधनकारक आहे. चार्जर, पॉवर बँक आणि रिकामी मेमरी ठेवा, आणि चित्रीकरण करणारा माणूस ठरवून टाका. तो झडतीत हात घालणार नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली लागतं, ते कसं भरायचं हे प्रशिक्षणात करून बघा. तूफान सिंग निकालानंतर, म्हणजे 2020 पासून, अधिकाऱ्यासमोर दिलेल्या कबुलीवर खटला उभा राहत नाही. माल कोणाकडून आला हे कॉलचे तपशील, फोन-पेचे व्यवहार आणि टोलच्या नोंदींतून दाखवावं लागतं.

एक गोष्ट प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात बहुधा अर्ध्या तासात उरकली जाते आणि मला ती उरकू द्यायची नाही. पानठेल्यामागे चिलीम ओढणारा विशीतला पोरगा आणि पोती उतरवणारा माणूस यांना एकाच तराजूत घालू नका. कलम 64अ प्रमाणे, लहान प्रमाणाच्या गुन्ह्यातला किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. ही तरतूद किती आईबापांना कोणी सांगितली आहे? जवळचं व्यसनमुक्ती केंद्र कुठे, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात, नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला जायला कोणती बस, हे बीट अंमलदाराच्या डायरीत असू द्या. 1933 हा अंमली पदार्थांविषयीच्या मानस हेल्पलाइनचा नंबरही. शाळकरी पोरं पंक्चरचं सोल्युशन किंवा व्हाइटनर हुंगतात, ते एनडीपीएसमध्ये येत नाही; पण लहान मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्यावर बाल न्याय अधिनियमाचं कलम 77 लागतं आणि त्याला 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. झोपेच्या गोळ्यांची पाकिटं सापडली तर बॅच नंबर टिपून औषध निरीक्षकांना त्याच दिवशी कळवा.

परत आल्यावर आठ दिवसांच्या आत ठाण्यात सराव घ्या, वर्गातलं ताजं असतानाच. एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या वावरातल्या अंबाडीची दहा झाडं गांजा समजून, संध्याकाळी उशिरा, बनावट खबरीपासून सीलपर्यंत सगळी कारवाई लिहा. रायटरने घड्याळ लावून बघावं की पंचनाम्याला किती वेळ लागतो आणि सूर्य कधी मावळतो. मग तो पंचनामा सरकारी वकिलांना दाखवा, त्यांनी खुणा केलेल्या ओळी दुरुस्त करा, आणि कोरा नमुना ठाण्याच्या फाइलला लावून त्याची एक प्रत छाप्याच्या पिशवीत ठेवा.