ड्रंक अँड ड्राइव्हची केस: खाजगी लॅबचा ब्लड रिपोर्ट कोणाच्या हाती पडू शकतो?

ब्रीद ॲनालायझरचा आकडा पटला नाही म्हणून बाहेर रक्त तपासून घ्यायचं ठरवलंत, तर एवढं आधी ध्यानात घ्या: रिपोर्ट तुमच्याविरुद्धही जाऊ शकतो आणि लॅबच्या नोंदीत एकदा आलेला आकडा पुसता येत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 204 खाली पोलिसांनी मागितलेलं रक्त ‘मी बाहेर तपासतो’ म्हणून नाकारू नका. सबळ कारण नसेल तर कलम 205 नुसार तो नकार तुमच्याविरुद्ध धरला जातो. अटकेत असताना सरकारी डॉक्टर तपासतात, त्या अहवालाची प्रत मिळणं तुमचा हक्क आहे. पण ती खाजगी तपासणी नव्हे. अपघातानंतर हॉस्पिटलात एमएलसी (पोलिसांना कळवावी लागणारी मेडिको-लीगल केस) झाली तर ते कागदही पोलिसांपर्यंत पोचतात.

डॉक्टर कोणाला सांगणार नाहीत हा भरवसा अर्धाच खरा. आचारसंहितेने त्यांना गुप्तता पाळावी लागते, पण कोर्टाच्या आदेशापुढे ती टिकत नाही. वकील-अशील संवादासारखं संरक्षण डॉक्टर-पेशंटला नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली कोर्ट किंवा पोलीस ठाण्याचे प्रभारी अधिकारी लॅबकडून रिपोर्ट मागवू शकतात. खुद्द आरोपीवर असं समन्स काढता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1965 मध्येच स्पष्ट केलं आहे. लॅबला ती सवलत नाही.

म्हणून रक्त देण्याआधी वकिलाशी बोला. ते बोलणं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 132 खाली सुरक्षित राहतं. रिपोर्ट वकिलाच्या फायलीत ठेवल्याने मात्र सुरक्षित होत नाही; कोर्ट तोही मागवू शकतं.

एरवी रिपोर्ट फुटतो तो साध्या ढिलाईने. लॅबच्या फॉर्मवर जुना, घरच्या कोणाचा तरी मोबाइल नंबर असतो आणि पीडीएफ थेट त्यांच्या व्हॉट्सॲपवर जाते. ‘रेफर्ड बाय’च्या रकान्यात फॅमिली डॉक्टरांचं नाव टाकलं की एक प्रत तिकडेही जाऊ शकते. नंबर स्वतःचा द्या, रिपोर्ट हातात घेईन असं फॉर्मवरच लिहा, आभा खात्याशी (सरकारी डिजिटल आरोग्य खातं) जोडायला नकार द्या. बिल स्वतः भरा. कंपनीच्या हेल्थ कार्डावर टाकू नका. नाव मात्र खरं लिहा आणि ओळखपत्राची नोंद करून घ्या, नाहीतर रिपोर्ट तुमचाच हे कोर्टात सिद्ध करताना नाकी नऊ येतील.

एवढी काळजी घेऊन नमुनाच चुकला तर सगळं पाण्यात. त्वचा स्पिरिटच्या बोळ्याने पुसू देऊ नका. राखाडी झाकणाची ट्यूब मागा. तिच्यातल्या सोडियम फ्लोराइडमुळे रक्त टिकतं. तपासणी गॅस क्रोमॅटोग्राफीने (रक्तातलं अल्कोहोल वेगळं करून नेमकं मोजणारी पद्धत) होते का, हे विचारा. अनेक हॉस्पिटलं सीरममधलं (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पाण्यासारख्या भागातलं) अल्कोहोल मोजतात आणि तो आकडा रक्तातल्यापेक्षा जास्त येतो. कायद्याची मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. रक्त घेतल्याची वेळ मिनिटासकट लिहून घ्या: अल्कोहोल तासाला साधारण 10 ते 20 मिलिग्रॅमने उतरतं, त्यामुळे तीन तासांनी आलेला 20 चा आकडा गाडी चालवताना तेवढाच होता असं कोणी मानणार नाही.

रिपोर्ट कोर्टात दाखल केलात की समोरचा वकील तो पूर्ण वाचणार आणि लॅबच्या माणसाची उलटतपासणी घेणार. दाखल करायचा की नाही, हे आकडा आणि वेळ दोन्ही वकिलाने पाहिल्यावरच ठरवा. उरलेला नमुना किती दिवस ठेवणार हे लॅबकडून लेखी घ्या. फेरतपासणी मागायची वेळ आली तर तोच उपयोगी पडतो.